इरिडियम स्पार्क प्लग तिन्ही ऋतूंत वापरल्यानंतर: टोक उत्तम, वरचा नट सैल

जुलैच्या मध्यावर पसरणी घाटात माझी दीडशे सीसीची मोटरसायकल मिसिंग करू लागली, आणि तेही फक्त चढावर थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर. वाईच्या सपाट रस्त्यावर तीच गाडी सुरळीत चालत होती, आयडलिंगचा आवाज एकसारखा होता, सकाळी पहिल्या-दुसऱ्या किकला सुरू होत होती. पण घाटात तिसऱ्या गिअरमध्ये जोर मागितला की दोन-तीन झटके देऊन ओढ सोडून द्यायची. हिवाळ्यात मोठ्या अपेक्षेने बसवलेला साडेसहाशे रुपयांचा इरिडियम प्लग तिच्यात होता. त्या प्लगचा अनुभव लिहायचा ठरवले तेव्हा टोकाबद्दल लिहायचे होते, पण बरेचसे लिखाण त्याच्या डोक्यावरच्या नटाविषयी झाले आहे. कंपनीचे नाव देत नाही, कारण सुटा होणारा नट अनेक कंपन्यांच्या प्लगवर असतो आणि माझी तक्रार त्या रचनेबद्दल नसून तिच्याविषयी पाकिटावर एक अक्षरही न छापण्याबद्दल आहे.

गाडी एअर-कूल्ड, कार्ब्युरेटरची, बीएस-सिक्सच्या आधीची. मूळचा प्लग साधा, निकेल मिश्रधातूचा, शंभर रुपयांच्या आसपास मिळणारा. तो झिजल्यावर इरिडियमचा घेतला तो मुख्यतः थंडीतल्या स्टार्टिंगसाठी. डिसेंबर-जानेवारीत वाईला पहाटे चांगलाच गारठा असतो आणि जुन्या प्लगवर चोक ओढूनही बराच वेळ किक मारत बसावे लागे. नवा प्लग बसवला आणि हा त्रास थांबला. यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. साध्या प्लगचा मधला इलेक्ट्रोड साधारण अडीच मिलिमीटर जाडीचा असतो; माझ्या इरिडियम प्लगचे टोक ०.६ मिलिमीटरचे, म्हणजे जवळजवळ शिवणाच्या सुईएवढे आहे. टोक जितके बारीक तितके विद्युतक्षेत्र तिथे एकवटते आणि कमी व्होल्टेजवर ठिणगी पडते. शिवाय ठिणगीतून निर्माण झालेल्या चिमुकल्या ज्योतीची उष्णता जाड धातू शोषून घेतो आणि थंड इंजिनात ती ज्योत पसरण्याआधीच विझू शकते; बारीक टोक तिची उष्णता कमी खाते. निकेलचे इतके बारीक टोक लवकर झिजून जाईल, कारण निकेल १,४५५ अंश सेल्सिअसला वितळते. इरिडियम सुमारे २,४५० अंशांपर्यंत टिकते आणि ठिणग्यांच्या माऱ्यातही त्याची झीज फार कमी होते.

इथपर्यंतचे माझे मत पूर्णपणे अनुकूल होते. मार्चमध्ये ते बदलले. इरिडियमची तुलना मी झिजलेल्या जुन्या प्लगशी करत होतो आणि नवा कोणताही प्लग झिजलेल्या प्लगपेक्षा चांगलाच चालणार, हा विचार मनातून जाईना. म्हणून मूळ नंबरचाच एक नवा साधा प्लग आणला, फिलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्टीने, त्याची गॅप (दोन इलेक्ट्रोडमधली फट) ०.७ मिलिमीटर ठेवली आणि इरिडियम काढून तो काही दिवस वापरला. स्टार्टिंगमध्ये फरक होता, पण थोडा. चोक जरा जास्त वेळ ठेवावा लागे, इतकाच. मार्चची सकाळ जानेवारीच्या सकाळीइतकी गार नसते हे धरूनही सुधारणेचे अर्ध्याहून अधिक श्रेय मी आता नवेपणाला देतो. मायलेजमध्ये तर मला कोणताच फरक आढळला नाही. लिटरमागे पाच किलोमीटर वाढतील असे दुकानदाराने ठासून सांगितले होते. ज्या इंजिनात प्रत्येक ठिणगीला मिश्रण नीट पेटतच होते, त्यात टोक बारीक झाल्याने पाच किलोमीटर कुठून येणार? असे सांगून प्लग विकणे योग्य नाही.

आता टिकाऊपणाचे. प्लग झिजतो तो ठिणग्यांनीच. प्रत्येक ठिणगी टोकावरून धातूचा अतिसूक्ष्म अंश उडवून नेते. फोर-स्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांना एक स्फोट होतो. सरासरी वेग ताशी ४० किलोमीटर आणि इंजिनाच्या फेऱ्या मिनिटाला ४,५०० धरल्या, तर १२,००० किलोमीटरमध्ये सुमारे चार कोटी ठिणग्या होतात. बहुतेक सिंगल सिलिंडर गाड्यांत ठिणगीची वेळ सांगणाऱ्या पिकअप कॉइलला इशारा क्रँकशाफ्टवरच्या मॅग्नेटकडून मिळतो, त्यामुळे एक्झॉस्टच्या वेळीही एक ठिणगी वाया जाते आणि हा आकडा आठ कोटींच्या घरात जातो. या माऱ्याने कडा गोल होतात, गॅप वाढते, ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागते आणि तो ताण उच्च व्होल्टेज तयार करणाऱ्या कॉइलवर व प्लगच्या डोक्यावर बसणाऱ्या प्लग कॅपवर पडतो. इरिडियमचे मधले टोक परवा भिंगाखाली पाहिले तर त्याची कड अजून काटकोनात आहे आणि गॅपही वाढलेली नाही. या बाबतीत प्लग शंभर टक्के खरा उतरला. मात्र माझ्या प्लगमध्ये फक्त मधलाच इलेक्ट्रोड इरिडियमचा आहे. समोरचा वाकडा इलेक्ट्रोड निकेलचाच आहे आणि त्याची कड गोल होऊ लागली आहे. ज्या प्लगच्या दोन्ही बाजूंना इरिडियम किंवा प्लॅटिनम असते ते मोटारींत एक लाख किलोमीटरपर्यंत चालतात. नुसत्या मधल्या टोकावर खर्च केलेल्या प्लगकडून ती अपेक्षा ठेवता येत नाही. हिशेब सरळ आहे. शंभर रुपयांचा प्लग १२,००० किलोमीटर चालला तर किलोमीटरला एक पैसाही पडत नाही. त्याच दराने साडेसहाशे रुपये वसूल व्हायला ७८,००० किलोमीटर लागतील, आणि निकेलचा समोरचा इलेक्ट्रोड तोवर पुरणार नाही.

परत घाटातल्या मिसिंगकडे येतो. गाडी अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेली. आधी कार्ब्युरेटर साफ करून बिल लावले, फरक पडला नाही. मग प्लग काढला, कॅपमध्ये घालून इंजिनाच्या हेडला टेकवला, किक मारली, निळी ठिणगी दिसली आणि ‘प्लगला करंट आहे, सीडीआय बदला’ असा निकाल मिळाला. सीडीआय म्हणजे ठिणगी नियंत्रित करणारी इलेक्ट्रॉनिक पेटी, दोन हजारांच्या पुढचा खर्च. मी नकार दिला, कारण ही तपासणी घाटातल्या तक्रारीवर काहीच प्रकाश टाकत नाही. ठिणगी पडायला किती व्होल्टेज लागेल हे फट आणि वायूचा दाब यांच्या गुणाकारावर ठरते. फ्रीडरिश पाशेन यांनी १८८९ मध्ये दाखवलेला हा नियम आहे. उघड्या हवेत ०.८ मिलिमीटरच्या फटीला तीन-चार हजार व्होल्ट पुरतात. सिलिंडरमध्ये पिस्टनने मिश्रण दाबलेले असते तेव्हा त्याच फटीला दहा हजारांच्या वर लागतात. थ्रॉटल बंद असताना सिलिंडरमध्ये हवा कमी शिरते, दाब कमी राहतो, म्हणून आयडलिंग नीट चालते. चढावर थ्रॉटल उघडला की सिलिंडर पूर्ण भरतो, व्होल्टेजची गरज एकदम वाढते, आणि वाटेत कुठेही कमकुवत जागा असेल तर वीज तिथून पळवाट काढते. ओझे पडल्यावरच मिसिंग होत असेल तर कॉइलपासून टोकापर्यंतची सगळी वाट तपासायला हवी. प्लग बाहेर काढून किक मारल्याने ती तपासली जात नाही.

त्याच सर्व्हिस सेंटरमध्ये आणखी दोन गोष्टी घडल्या. एका मुलाने प्लग तारेच्या ब्रशने घासायला घेतला. मी लगेच थांबवले. चेतक आणि लूनाच्या काळात टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलबरोबर ऑइल जळे, प्लगवर काजळी आणि ऑइलचा थर बसे, ‘प्लगमध्ये कचरा आला’ की लोक रस्त्याच्या कडेला पॉलिश पेपर काढून तो घासत आणि पुढे जात. अडीच मिलिमीटरच्या निकेलला ते चालून जाई. ०.६ मिलिमीटरचे ठिसूळ इरिडियम तारेने वाकते किंवा तुटते, आणि ब्रशच्या तारेतला धातू सिरॅमिकवर घासला जाऊन विजेला गळतीची नवी वाट मिळते. दुसरी गोष्ट, पाना बसतो त्या षटकोनाच्या वर पांढऱ्या सिरॅमिकवर फिकट तपकिरी कडे उमटले होते. ते दाखवून ‘कॉम्प्रेशन लीक आहे, प्लग खराब’ असे सांगण्यात आले. तसे कडे बहुधा कोरोना डागाचे असते. जास्त व्होल्टेजच्या क्षेत्रात हवेतले ऑइलचे कण ओढले जाऊन सिरॅमिकला चिकटतात, आणि त्याने प्लगच्या कामात काही बिघडत नाही. आत पाहिले असते तर मधल्या टोकाभोवतीच्या सिरॅमिकच्या नाकाचा रंग फिकट तपकिरी, कोरडा, म्हणजे निरोगी इंजिनाचा होता. काळी कोरडी काजळी असती तर मिश्रणात पेट्रोल जास्त किंवा प्लग पुरेसा तापत नाही असे समजलो असतो. काळा ओला चकचकीत थर असता तर पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्हच्या सीलमधून ऑइल येत आहे असे समजलो असतो. पांढरे, फोड आलेले नाक असते तर अतिउष्णता. यातले काहीही नव्हते.

शेवटी प्लग घेऊन वाईतल्याच एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी टोकाकडे पाहिलेही नाही. चिमटीत वरचा नट धरला, हलवला आणि म्हणाले, ‘‘दादा, टोक कशाला बघताय? हे वर बघा, हलतंय.’’ प्लगच्या डोक्यावर चार मिलिमीटरच्या आट्यांवर बसणारा छोटा नट अर्ध्या आट्याने सैल होता. काढला तर आट्यांत काळपट भुकटी जमलेली, आणि प्लग कॅपच्या आत रबराखाली केसाएवढी काळी रेघ उमटलेली. मिस्त्रींनी मल्टिमीटर लावला. माझ्या प्लगच्या आत रेडिओतील खरखर रोखण्यासाठी सुमारे पाच हजार ओहमचा रोध बसवलेला आहे, त्यामुळे नटापासून टोकापर्यंत तेवढे रीडिंग यायला हवे. नट दाबून धरला की ते बरोबर येत होते. बोटाने हलवला की काटा एकदम पलीकडे, जणू जोड तुटलेला.

म्हणजे इंजिन थरथरताना या नटापाशी दर वेळी एक जादा फट तयार होत होती. तिथल्या ठिणग्यांनी आट्यांवर भुकटी साचली, पावसाळ्यात कॅपमध्ये दमट हवा आणि पाणी शिरले, आणि सिलिंडरमधल्या गॅपला जास्त व्होल्टेज लागू लागताच विजेला बाहेरून, सिरॅमिकच्या पृष्ठभागावरून धातूच्या कडीपर्यंत उडी मारणे सोपे झाले. सिरॅमिकवर ज्या वळ्या असतात त्या हीच बाहेरची वाट लांब करण्यासाठी. पण कॅपच्या आतली काळी रेघ ती वाट पुन्हा आखूड करते, आणि एकदा उमटलेली रेघ पुसून जात नाही. मिस्त्रींनी आटे स्वच्छ केले, नट पक्कडीने आवळला, नवी प्लग कॅप बसवली. कॅप दोनशेच्या आत आली, आवळण्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. त्याच संध्याकाळी, पाऊस चालू असताना, पाचगणीपर्यंत पूर्ण थ्रॉटलवर गेलो. एकही झटका नाही.

कंपनीला लिहिले. उत्तर सभ्य होते: बसवण्यापूर्वी नट आवळावा अशी सूचना संकेतस्थळावर आहे. माझे म्हणणे असे की, ती सूचना पाकिटावर हवी. काही गाड्यांच्या कॅपला नट लागतो, तर काहींची कॅप नट काढून उघड्या आट्यांवर बसते. म्हणूनच तो सुटा दिला जातो, हे मला मान्य आहे. पण सुटा दिला म्हणजे तो कारखान्यातून पक्का आवळलेला नसतो, आणि ग्राहक तो आवळलेलाच आहे असे धरून कॅप दाबतो. ‘घासू नये’ ही चित्रासह सूचना पाकिटावर आहे, गॅपचा आकडा आहे, चमकदार होलोग्राम आहे. ‘वरचा नट आवळून घ्या’ या चार शब्दांना जागा नाही. या चार शब्दांअभावी माझे कार्ब्युरेटरचे बिल, कॅपचे पैसे आणि भर पावसात घाटात गाडी ढकलणे झाले. दुसऱ्या एखाद्याने सीडीआयही बदलला असता. साडेसहाशेच्या वस्तूत हे मला अक्षम्य वाटते, आणि या एका कारणासाठी मी गुण कमी देत आहे.

घेणाऱ्यांनी आणखी एक पाहावे: हीट रेंजचा, म्हणजे प्लग किती तापतो हे सांगणारा, आकडा. सिरॅमिकचे नाक साधारण ४५० अंशांच्या वर तापले तरच काजळी जळून जाते, आणि साडेआठशेच्या पुढे गेले तर ठिणगीआधीच मिश्रण पेटते. एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा वाढला की प्लग थंड होतो, बॉशमध्ये, म्हणजे आपल्याकडे ज्याला अजून मायकोचा प्लग म्हणतात त्यात, आकडा वाढला की प्लग गरम होतो. दुकानदाराने दुसऱ्या कंपनीचा ‘तोच नंबर’ दिला तर तक्ता पाहिल्याशिवाय घेऊ नये. बसवताना हाताने शेवटपर्यंत फिरवून, मग पान्याने नव्या वॉशरसाठी अर्धा फेरा पुरतो. सैल राहिला तर उष्णता हेडमध्ये जात नाही आणि प्लग तापतो. जास्त आवळला तर ॲल्युमिनियमच्या हेडचे आटे जातात आणि तो खर्च प्लगच्या कितीतरी पट आहे.

ज्या मोटारीत प्लगपर्यंत पोहोचायला अर्धे इंजिन उघडावे लागते, तिथे दोन्ही इलेक्ट्रोड मौल्यवान धातूचे असलेला प्लग मी डोळे झाकून घेईन, कारण तिथे मजुरी वाचते. माझ्या गाडीला एकच प्लग आहे आणि तो पाच मिनिटांत निघतो. सध्याचा इरिडियम गॅप ०.९ होईपर्यंत वापरणार आहे, त्यानंतर साधा निकेलचाच बसवेन. उरलेल्या पैशांतून दर दोन पावसाळ्यांनी नवी प्लग कॅप.