गवती चहाच्या तेलाची भट्टी आणि १८,८५० रुपयांचा 'ऑटोमॅटिक' व्हॉल्व्ह

भट्टीचं गार पाणी आपोआप सांभाळणाऱ्या यंत्रासाठी आधी ८,००० ॲडव्हान्स. माल निघायच्या आधी ८,५००. पार्सल वाटेत असताना 'सेटिंग चार्ज आणि टॅक्स' म्हणून २,३५०. एकूण १८,८५० रुपये. आणि डब्यातून निघालं काय, तर वॉशिंग मशीनमध्ये पाणी सोडतो तसला प्लास्टिकचा, विजेवर उघडणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह आणि त्याला जोडलेला साधा थर्मोस्टॅट, म्हणजे तापमानावर वीज चालू-बंद करणारं बटण. बेळगावात इलेक्ट्रिकची कामं करणाऱ्या मित्राने बघितलं आणि सांगितलं, हे सगळं हजाराच्या आत येतं.

खानापूर तालुक्यात जांबोटीकडे आमची शेती. बांधावर गवती चहा आहे आणि परसात त्याचं तेल काढायची छोटी भट्टी. खाली गॅस, वर पाल्याचं भांडं, तिथून वाफ कंडेन्सरमध्ये, म्हणजे गार पाण्याने वाफेचा अर्क करणाऱ्या नळीत. हे काम ज्यांनी केलंय त्यांना ठाऊक आहे की आगीपेक्षा गार पाणी सांभाळणं अवघड. एक किलो वाफेचं पाणी करायचं तर सुमारे २,२५७ किलोज्यूल उष्णता काढावी लागते. फिरणारं पाणी ३० अंशांनी तापू दिलं तरी एका लिटर अर्कामागे १८ ते २० लिटर पाणी लागतं. आमच्याकडे पावसाळ्यात पाण्याला तोटा नाही, पण मे महिन्यात विहीर तळाला जाते. पाणी जास्त सोडलं तर टाकी रिकामी, कमी सोडलं तर वाफ तशीच बाहेर पडते आणि तिच्याबरोबर तेल जातं. म्हणून 'कंडेन्सरच्या तापमानाप्रमाणे पाणी आपोआप कमी-जास्त करणारा कंट्रोलर' अशी जाहिरात दिसली तेव्हा मी फोन केला. हौस म्हणून नव्हे, गरज होती.

माणूस गोड बोलायचा. कोल्हापूरकडचं अस्सल मराठी, प्रत्येक वाक्याला 'दादा'. बिल पाठवलं, त्यावर जीएसटी नंबर होता. तो नंबर सरकारी पोर्टलवर टाकून बघायला दोन मिनिटं लागतात, तेवढं करा. पैसे पाठवताना यूपीआयवर फर्मचं नाव न येता भलत्याच माणसाचं नाव आलं. विचारलं तर म्हणाला, 'भावाचं खातं आहे दादा.' आपल्याकडे निम्मी दुकानं घरच्यांच्या खात्यावर चालतात, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही. तुम्ही मात्र तिथेच थांबा.

पण मनात सलतो तो व्हिडिओ कॉल. त्याने यंत्र चालू करून दाखवलं, पाण्याची धार दाखवली आणि तेवढ्यात 'टक्' असा आवाज आला. धार एकदम बंद. थोड्या वेळाने पुन्हा 'टक्' आणि पूर्ण धार. मी लगेच विचारलं, हा आवाज कसला? 'सेन्सर रीडिंग घेतोय दादा.' तो 'टक्' म्हणजेच सगळी चोरी होती. पाणी हळूहळू कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असा टकटक करत नाही. जो पूर्ण उघडतो किंवा पूर्ण मिटतो, तोच करतो. मी प्रश्न विचारला होता, हे लक्षात घ्या. शेतकऱ्याने प्रश्न विचारायचा, खरं उत्तर द्यायची जबाबदारी विकणाऱ्याची. आणखी एक. माझी टाकी किती उंचीवर आहे हे त्याने एकदाही विचारलं नाही. १० मीटर उंचीला साधारण १ बार दाब मिळतो. माझी टाकी २ मीटरवर, म्हणजे ०.२ बार. एवढ्या दाबावर हा व्हॉल्व्ह नीट उघडतच नाही, नुसता झिरपतो.

पैशापेक्षा मोठी गोष्ट पुढे आहे. हा व्हॉल्व्ह वीज असेल तरच उघडा राहतो. वळवाच्या पावसात लाइट गेली, व्हॉल्व्ह मिटला, गार पाणी बंद झालं आणि खाली गॅस तसाच पेटलेला. तेल जमायच्या भांड्यातून कढत वाफ उसळली. बायको हातभर अंतरावर उभी होती. गॅस बंद केला म्हणून निभावलं. गॅसच्या भट्टीला वीज गेल्यावर मिटणारा व्हॉल्व्ह लावू नका, कुणी फुकट दिला तरी नको.

तक्रार द्यायला गेलो तर ठाण्यात पहिला प्रश्न, 'भट्टी? कसली भट्टी?' दारू गाळायला परवाना लागतो हे मलाही कळतं. तेलाची बाटली दाखवली, वास दिला, तरी संशय माझ्यावरच. नंतर म्हणाले, अर्ज कन्नडात आणा. पैसे देऊन लिहून घेतला. मग म्हणाले, माणूस महाराष्ट्रातला, तिकडे जा. तिकडे गेलो तर म्हणाले, तुम्ही कर्नाटकातले, पैसे तिकडून गेले, तिकडेच नोंदवा. सीमेवर राहणाऱ्याने जायचं कुठे? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये, गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यावी असं लिहिलंय. मी कलमाचा कागद पुढे ठेवला. साहेबांनी तो वाचलासुद्धा नाही. उलट, 'वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कसली?' असं ऐकवलं. दगड भरून पाठवले असते तरी वस्तू मिळाली असंच म्हणणार का?

पैसे गेल्या गेल्या १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, रक्कम पुढे सरकायच्या आत खातं गोठवता येतं. मी ठाण्याच्या पायऱ्या झिजवत बसलो आणि तो वेळ गेला. ग्राहक आयोगात मात्र हद्दीचं कारण चालत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार जिथे राहतो तिथेच तक्रार करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. स्वतःच्या पोटापाण्यासाठी घेतलेली वस्तू 'व्यापारी' म्हणून बाद होत नाही, कुणी तसं सांगितलं तर ऐकू नका. चॅट, कॉल, बिल काहीही पुसू नका. डबा फेकू नका.

आता मी टाकीच्या खाली फ्लोट लावलेली छोटी बादली बसवली आहे. तिच्यातली पातळी हलत नाही, त्यामुळे धारही हलत नाही. पुढे एक पितळी नीडल व्हॉल्व्ह, हाताने फिरवून धार बारीक करायचा. बॉल व्हॉल्व्ह घेऊ नका, त्याने बारीक धार जमत नाही. पाणी कंडेन्सरच्या खालच्या तोंडातून आत, वरच्यातून बाहेर. वरून येणारं पाणी कढत आणि खाली पडणारा अर्क गार, एवढं हाताला लागलं की व्हॉल्व्ह तिथेच ठेवायचा. वीज गेली तरी पाणी चालू.

माझी तक्रार आयोगात दाखल आहे. खानापूर, चंदगड, निपाणी, कुठूनही कुणाला असाच टकटक करणारा डबा आला असेल तर तुम्हीही दाखल करा. एकट्याच्या कागदाला ठाण्यात कुणी हात लावत नाही.