सोळा इंची व्हायोला: अकरा महिन्यांच्या वापरानंतर

हा व्हायोला, म्हणजे व्हायोलिनसारखेच पण थोडे मोठे आणि खालच्या सुरांचे वाद्य, मी गेल्या वर्षी ऐन जुलैत घेतला आणि तेव्हापासून आठवड्यातले सहा दिवस तो माझ्या हातात असतो. घेताना डोळ्यांसमोर केवळ कार्यक्रम होते. प्रत्यक्षात त्याचा तीन चतुर्थांश वेळ शिकवण्यात जातो, आणि त्यामुळेच पहिल्या महिन्यातले माझे मत आज बरेच बदलले आहे. त्याआधी पंधरा वर्षे मी व्हायोलिन वाजवीत होतो. मुंबईत चौकडी (दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो) जमवायची तर व्हायोलिनवादक सहज मिळतात, व्हायोलावादकासाठी मात्र फोनाफोनी करावी लागते, एवढे साधे कारण या बदलामागे होते. (व्हायोलिन सोडून व्हायोला घेण्याचा सल्ला प्रसिद्ध व्हायोलावादक विल्यम प्रिमरोझ यांना त्यांचे गुरू, व्हायोलिनवादक इझाई यांनी दिला होता, मला तो चौकडीतल्या चेलोवादकाने दिला.)

मापाविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण दुकानात सर्वांत कमी बोलणे त्यावरच होते. पूर्ण मापाच्या व्हायोलिनचे धड साधारण चौदा इंचांचे असते, हे ठरून गेलेले आहे. व्हायोलाला असे ठरीव माप नाही. पंधरा ते सतरा इंचांपर्यंत सगळे चालते. व्हायोला व्हायोलिनच्या खाली षड्ज-पंचमाच्या अंतराने लागत असल्यामुळे त्याच प्रमाणात तो बनवायचा झाल्यास धड एकवीस इंचांचे करावे लागेल, आणि एवढे वाद्य खांद्यावर धरून वाजवणे माणसाच्या हाताला झेपणारे नाही. म्हणून प्रत्येक व्हायोलात खरजाची, म्हणजे सर्वांत खालची ‘सी’ तार आणि वादकाचा खांदा यांच्यात काहीतरी तडजोड केलेली असते. व्हायोलाला एकलवाद्याचा मान मिळवून देणारे आणि लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये शिकवणारे लायोनेल टर्टिस स्वतः मोंतान्याना या जुन्या इटालियन कारागिराचा सतरा इंचांहून मोठा व्हायोला वाजवीत. परंतु उजव्या हाताच्या दुखण्यामुळे त्यांनी १९३७ साली मंचावरून निवृत्ती जाहीर केली (पुढे ते परतले, हा भाग वेगळा), आणि त्याच सुमारास आर्थर रिचर्डसन या कारागिराबरोबर पावणेसतरा इंचांचा आपला नमुना सिद्ध केला. त्या नमुन्यावर बेतलेला एक व्हायोला मला दुकानात दाखवण्यात आला होता. पहिली पाच मिनिटे त्याच्या ‘सी’ तारेने मी भारावून गेलो; अर्ध्या तासाने मात्र त्या तारेवर करंगळी पोहोचवताना मनगट आत ओढले जात असल्याचे जाणवले, आणि मी सोळा इंचांवर थांबलो.

आवाजाबाबत तक्रार करावी असे फारसे नाही. सुरुवातीला खरज कोंदट होता, तो चौथ्या महिन्यापासून मोकळा झाला. त्याचे श्रेय वापराला किती आणि साउंडपोस्ट (वाद्याच्या आत उभी बसवलेली लाकडी कांडी) जेमतेम केसभर सरकवून घेतल्याला किती, हे मात्र मला ठरवता आलेले नाही. सर्वांत वरची ‘ए’ तार नाकात बोलत असे, म्हणून तेवढी एक तार दुसऱ्या संचातली लावली. ‘सी’ तारेवर वरच्या ‘एफ’च्या आसपास घरघर आहे आणि ती राहणार, जर्मन संगीतकार ब्राम्सच्या १८९४च्या दोन सोनाटांपैकी पहिला वाजवताना मी तिथले बोट बदलून घेतो. व्हायोलाचा गज सुमारे सत्तर ग्रॅमचा, म्हणजे व्हायोलिनच्या गजाहून दहा ग्रॅम जड असतो, आणि माझ्या उजव्या हाताला हा फरक अंगवळणी पडायला तीन महिने लागले.

खरी परीक्षा शिकवणीत झाली. दोन तासांच्या कार्यक्रमात वादक आधी हात गरम करून बसतो आणि सलग वाजवतो. शिकवताना मात्र तासाभरात चाळीस वेळा वाद्य उचलायचे, थंड हातानेच दोन ओळी वाजवून दाखवायच्या, विद्यार्थ्याचे कोपर सरळ करण्यासाठी वाद्य काखेत धरायचे आणि पुन्हा उचलायचे, असे चार-चार तास चालते. व्हायोलिनहून दोनशे ग्रॅम जास्त वजन हनुवटीखाली असले की याचा हिशेब डावा खांदा ठेवतो. पाचव्या महिन्यात माझी मान उजवीकडे वळेनाशी झाली. फिजिओथेरपिस्टच्या सांगण्यावरून बाजूची चिनरेस्ट (हनुवटी टेकवायची पट्टी) काढून मधोमध बसणारी लावली, शोल्डर रेस्ट (वाद्याखालचा खांद्याचा आधार) एक बोट उंच केली, आणि लहान मुलांच्या तासाला पुन्हा व्हायोलिन हातात घेतले. यात आणखी एक फायदा झाला. पाश्चात्त्य स्वरलिपीत कोणत्या ओळीवर कोणता स्वर, हे सुरुवातीचे चिन्ह (क्लेफ) ठरवते; व्हायोलाच्या अल्टो क्लेफमध्ये ‘सी’ मधल्या ओळीवर असतो आणि मुलांची पाने व्हायोलिनच्या ट्रेबल क्लेफमध्ये असतात. व्हायोला घेऊन त्यांच्यासमोर उभा राहिलो की माझी बोटे चुकीच्या तारेवर जात, आणि ‘सर, तुमचंच चुकलं’ हे ऐकावे लागे.

पावसाळ्याविषयी विक्रेत्याने सावध केले नव्हते. ऑगस्टमध्ये खुंट्या फुगून अशा घट्ट बसल्या की ‘जी’ची खुंटी पिळायला दोन्ही हात लागत, आणि सप्टेंबरात खालच्या फुगवट्याजवळची जोडणी बोटाच्या पेराएवढी उघडली. विक्रेत्याने हवामानामुळे झालेली हानी हमीत बसत नसल्याचे सांगून फोन ठेवला. सरसाने जोडलेले वाद्य फुटण्यापेक्षा जोडावर उघडलेले बरे, असे सांगत इथल्या एका कारागिराने दोन दिवसांत ते नीट करून दिले. आता पेटीत आर्द्रतामापक आहे आणि त्याचा काटा साठ टक्क्यांच्या वर गेला की मी सिलिका जेलच्या पुड्या बदलतो.

व्हायोला घेणाऱ्याने तो दुकानात पाऊण तास तरी वाजवून पाहावा, आणि तोही सलग न वाजवता दर दोन मिनिटांनी खाली ठेवून, पुन्हा उचलून. मी असे केले असते तर कदाचित साडेपंधरा इंचांचा घेतला असता. यंदाच्या जूनमध्ये खुंट्यांना मलम लावून ठेवले आहे; ‘जी’ची खुंटी अजून तरी एका हाताने फिरते.