कॅनडा कॉर्नरचं थ्रीडी प्रिंटिंगचं दुकान: पहिलं प्रथिन डाव्या आट्यांचं, दुसरं अगदी हवं तसं

मी अकरावीला जीवशास्त्र शिकवते. स्नायूंच्या धड्यात दरवर्षी एकाच वाक्यापाशी गाडी अडते: कॅल्शियम ट्रोपोनिन या स्नायूतल्या प्रथिनाला चिकटतं आणि स्नायू आकुंचन पावतो. चिकटतं म्हणजे कसं, हे फळ्यावर दाखवता येत नाही. म्हणून यंदा नाशिकच्या कॅनडा कॉर्नरजवळच्या एका दुकानातून मॉडेल छापून घेतलं.

निवडलं कॅल्मोड्युलिन हे प्रथिन. ट्रोपोनिन-सीच्याच (ट्रोपोनिनच्या कॅल्शियम धरणाऱ्या भागाच्या) घराण्यातलं, १४८ अमिनो आम्लांचं, दोन टोकांना दोन गोळे आणि प्रत्येकात कॅल्शियम धरणाऱ्या दोन जागा. प्रोटीन डेटा बँक या ऑनलाइन संग्रहात त्याची रचना फुकट मिळते. प्रिंटरला चालेल अशी फाइल करून पेन ड्राइव्हवर नेली. दुकानात एरवी सातपूर-अंबडच्या कारखान्यांचे सुटे भाग छापतात. तरी दुकानातल्या मुलाने फाइल फिरवून फिरवून पाहिली, प्रथिनाची साखळी दाखवणारी बारीक फीत मोडू नये म्हणून जाडी वाढवायला सांगितली.

तीन दिवसांनी मॉडेल हातात आलं. गुळगुळीत, देखणं, वीतभर लांब. पण काहीतरी खटकत होतं. उजव्या हाताचा अंगठा फितीच्या एका मळसूत्राच्या (स्क्रूसारख्या वेटोळ्याच्या) दिशेने धरला, बोटं वळवली. फीत बोटांच्या उलट फिरत होती. सगळी मळसूत्रं डावी, खऱ्या प्रथिनात असतात त्याच्या उलट! मी समजावायला लागले तर तो लगेच म्हणाला, "म्हणजे डाव्या आट्यांचा बोल्ट झाला, मॅडम." फाइल लावताना आरशाचा पर्याय दाबला गेला होता. चूक मान्य करून त्याने पैसे न घेता नवं छापून दिलं.

एवढा हट्ट का? कारण कॅल्शियम पकडणाऱ्या या घडणीचं नावच ईएफ-हँड, आणि तो हात उजवा आहे. शास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेटसिंगर यांनी १९७३ मध्ये कार्प माशाच्या स्नायूतल्या पार्वाल्ब्युमिन या प्रथिनात ती ओळखली. तर्जनी म्हणजे त्यातलं ई नावाचं मळसूत्र, अंगठा म्हणजे एफ नावाचं, आणि दुमडलेलं मधलं बोट म्हणजे कॅल्शियम धरणारा फास. आपल्या बाजारातले रोहू-कटलाही त्याच कार्प कुळातले. हे सांगितलं की मागच्या बाकावरचेही मान वर करतात.

दुसऱ्या मॉडेलमध्ये हा फास सुरेख उतरलाय. बारा अमिनो आम्लांचा. बाराव्या जागेवरचं ग्लुटामेट हे अमिनो आम्ल एकटंच दोन ऑक्सिजन पुढे करतं आणि एकूण सात ऑक्सिजन कॅल्शियमला घेरतात. दुकानाने चार पिवळे मणी वेगळे छापून दिले, ते फासात टक्कन बसतात. पेशीत मोकळं कॅल्शियम बाहेरच्यापेक्षा सुमारे दहा हजार पटीने कमी असतं, त्यामुळे दार उघडून थोडं आत आलं तरी हे हात भरतात. मुलं मणी काढून, बसवून, आपापला उजवा हात शेजारी धरून पाहत होती. तास संपल्याची घंटा कुणी ऐकली नाही.

दुकानाच्या रेटिंगमधला एक तारा मात्र कमी करते. मॉडेल कडक आहे. खरं कॅल्मोड्युलिन मध्ये लवचीक असतं, कॅल्शियम मिळालं की दोन्ही गोळे दुसऱ्या प्रथिनाला कवेत घेतात. ते इथे दिसत नाही. मधला भाग रबरासारख्या फिलामेंटमध्ये (छपाईच्या प्लास्टिकच्या तारेत) छापता येईल म्हणतात. दिवाळीनंतर ती ऑर्डर देणार आहे.

तुम्ही गेलात तर आरसा नको, हे फाइल देतानाच सांगा, आणि पैसे देण्याआधी उजवा हात लावून पाहा.