फी जूनमध्येच पोहोचते: दादरच्या एका शिक्षणनिधीविषयी

दादर पश्चिमेला एका जुन्या इमारतीत गरीब विधवांच्या मुलांसाठी एक शिक्षणनिधी चालवला जातो. हे काम मी दोन्ही बाजूंनी जवळून पाहिले आहे: देणगीदार म्हणून आणि नायगावच्या आमच्या चाळीतील एका शेजारणीला अर्ज भरून देताना. संस्थेचे नाव येथे देत नाही, कारण मदत घेणारी कुटुंबे त्यांच्या वस्तीत ओळखू येऊ नयेत यासाठी संस्था अशा लेखनात आपले नाव येऊ देत नाही, आणि तिचा हा आग्रह मला पटतो. निधीची रक्कम फार मोठी नाही. तरीही ही सेवा मला उत्तम वाटते, ती पैसे केव्हा आणि कोणत्या रीतीने दिले जातात त्यामुळे.

अनेक ठिकाणी 'आधी फी भरा, पावती आणा, मग परतावा मिळेल' अशी पद्धत असते. ज्या घरात महिन्याच्या उत्तरार्धात किराणा उधारीवर येतो, त्या घरातील बाईने आधी भरायला पैसे आणायचे कोठून, याचा विचार ती पद्धत ठरवणाऱ्यांनी केलेला दिसत नाही. ही संस्था शाळेची फी जूनमध्ये थेट शाळेच्या खात्यात भरते आणि गणवेश, वह्या, प्रवास यांसाठीची रक्कम आईच्या खात्यात जमा करते. महापालिकेच्या शाळेत फी नसते आणि 27 शालेय वस्तूही मोफत मिळतात. त्यामुळे तेथील मुलांच्या बाबतीत संस्था शिकवणीचा आणि प्रवासाचा भार उचलते. मदत पाचवीला सुरू झाली की बारावीपर्यंत चालते, आणि दरवर्षी नव्याने पतीचा मृत्यूदाखला जोडावा लागत नाही. एकदा दिलेला दाखला नस्तीत राहतो. ही गोष्ट लहान वाटेल, पण दर उन्हाळ्यात तोच कागद पुन्हा झेरॉक्सच्या दुकानात घेऊन जाणे काय असते, हे त्या बायकांनाच माहीत.

सरकारी योजना असताना अशा निधीची गरज काय, असा प्रश्न देणगीदार हमखास विचारतात. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत महिन्याला 1,500 रुपये मिळतात, पण तिची कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 21,000 रुपये, म्हणजे महिन्याला 1,750 रुपये आहे. मुंबईत चार घरी पोळ्या करणारी बाईसुद्धा त्या मर्यादेच्या बाहेर जाते, आणि म्हणून ती गरीब नाही असे कोणीही म्हणणार नाही. एक पालक गमावलेल्या मुलांसाठी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. तिच्यात 2023 पासून दरमहा 2,250 रुपये मिळतात आणि ती खरोखर उपयोगाची आहे. मात्र तिच्यासाठी बालकल्याण समितीचा आदेश लागतो आणि तो होईपर्यंत शाळा थांबत नाही. संस्थेच्या कार्यकर्त्या या योजनेचा अर्जही भरून देतात आणि ती मंजूर झाली म्हणून स्वतःची मदत कापत नाहीत. हे मला विशेष महत्त्वाचे वाटते.

सर्वांत चांगला अनुभव घरभेटीचा. आमच्या शेजारणीचे नाव पतीच्या निधनानंतरही सासरच्या रेशनकार्डावरच राहिले होते, आणि त्या कार्डावर कमावता दीर असल्याने अन्यत्र तिचा अर्ज उत्पन्नाच्या मुद्द्यावर फेटाळला गेला होता. येथील कार्यकर्तीने कार्ड पाहिले, बाजूला ठेवले आणि विचारले, "ताई, चूल वेगळी आहे का?" एकाच खोलीत कपाटाचा आडोसा करून पलीकडे वेगळा स्टोव्ह, वेगळे मीठ-मिरचीचे डबे आणि पाण्याचे वेगळे पिंप होते. तिने ते स्वतः पाहिले, शेजारच्या दोन घरांत चौकशी केली आणि तसा अहवाल लिहिला. मुंबईत वेगळी खोली घेणे विधवेला परवडत नाही. म्हणून एका छताखाली राहणारे सगळे एक कुटुंब, असे धरणे म्हणजे तिच्या मुलांवर अन्याय करणे होय.

आता उणिवा. अर्ज केवळ एप्रिल ते जून या काळात घेतले जातात. ज्या मुलाचे वडील दिवाळीच्या सुमारास जातात, त्याला पुढच्या जूनपर्यंत वाट पाहावी लागते, आणि शाळा सुटण्याचा धोका नेमका त्याच सहा-आठ महिन्यांत सर्वाधिक असतो: घरातील मिळकत थांबलेली असते, दवाखान्याची देणी उरलेली असतात आणि मोठ्या मुलाला कुठेतरी कामाला लावण्याचा सल्ला नातेवाईक देऊ लागतात. अशा घरांसाठी वर्षभर खुली असणारी तातडीची मदत असायलाच हवी. दुसरी उणीव गुणांच्या अटीची. आठवीपासून 60 टक्के गुण नसल्यास मदत थांबते. हुशार मुलांना उत्तेजन देण्याची भावना मी समजू शकते. परंतु वडील गेल्यानंतरच्या वर्षी कोणत्या मुलाचे गुण घसरत नाहीत? शिष्यवृत्ती हुशारीसाठी असावी, आधार मात्र गरजेसाठी असावा, आणि हा निधी स्वतःला आधार म्हणवतो. विश्वस्तांना मी हे लेखी कळवले आहे.

बारावीनंतर मदत बंद होते, तेही खटकते. जुलै 2024 च्या शासननिर्णयानुसार, वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास घटकांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले आहे. त्यामुळे निदान मुलग्यांसाठी आणि फीबाहेरच्या खर्चांसाठी संस्थेला पुढे हात देता येईल.

आणखी एक अपेक्षा आईविषयीची. पंडिता रमाबाईंनी 11 मार्च 1889 रोजी याच शहरात, चौपाटीजवळ, शारदा सदन सुरू केले ते मुख्यतः विधवांना स्वतःला शिकता यावे म्हणून. आमची शेजारीण नववीपर्यंत शिकलेली आहे आणि तिला दहावीला बसायचे आहे. तिच्या परीक्षेचा खर्च मुलाच्या फीपेक्षा कितीतरी कमी असेल, पण निधीच्या नियमांत त्याला जागा नाही.

देणगीदारांच्या दृष्टीने व्यवहार स्वच्छ आहे. संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली आहे, हिशेब मागितल्यास दाखवते आणि देणगीवरील प्राप्तिकर वजावटीसाठी (80जी) लागणारे 10बीई प्रमाणपत्र वेळेवर देते. नवीन करप्रणाली निवडलेल्यांना मात्र ही वजावट मिळत नाही आणि 2,000 रुपयांवरील रोख देणगीलाही ती लागू होत नाही. देणगीदाराला मुलाचे छायाचित्र किंवा आभाराचे पत्र पाठवले जात नाही, आणि व्यासपीठावर बोलावून धनादेश देण्याचा कार्यक्रमही होत नाही. काही देणगीदार यामुळे नाराज होतात असे ऐकले, पण संस्थेने हा नियम बदलू नये.

अर्ज करू इच्छिणाऱ्या मातांसाठी एक सूचना: बँक खाते माहेरच्या नावाने आणि मुलाच्या बोनाफाईडवर आईचे सासरचे नाव, असा फरक बहुतेक घरांत आढळतो. विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातील नावबदलाची प्रत मार्चमध्येच मिळवून ठेवावी. आमच्याकडे सगळ्यांत जास्त वेळ त्यातच गेला.