‘द लायन किंग’: मुलांना १९९४चा दाखवावा की २०१९चा?

ओटीटीवर हे दोन सिनेमे शेजारी शेजारी दिसतात. नाव एकच, गोष्ट एकच, इंग्रजीत सिंहांच्या राजाचा, मुफासाचा आवाजही दोन्हीकडे जेम्स अर्ल जोन्स यांचाच. एक चित्रांचा, ८८ मिनिटांचा. दुसरा अगदी खऱ्या सिंहांचा वाटावा असा, ११८ मिनिटांचा. लेकराला पहिल्यांदाच दाखवायचा असेल तर बहुतेक आईबाबा नवा लावतात, कारण तो नवा आहे आणि जनावरं खरीखुरी दिसतात. माझं सांगणं नेमकं उलट आहे. पहिल्यांदा १९९४चाच दाखवा. २०१९चा कधी आणि कुणाला दाखवावा तेही पुढे सांगते, कारण तो टाकाऊ नाही. पण तो बघून मी फार हिरमुसले होते, आणि त्याचं कारण सिनेमा बघतानाच एका प्रसंगात लख्ख कळलं.

प्रसंग मुफासाच्या मरणाचा. रानगव्यांसारख्या दिसणाऱ्या विल्डबीस्टांचा लोंढा निघून गेलाय, दरीत धूळ आहे आणि त्याचा बछडा सिंबा बापाला शोधतोय. १९९४च्या सिनेमात तो मुफासाच्या अंगाला डोकं घासतो, उठ म्हणतो, मग दातांत कान धरून ओढतो. चित्रकारांनी त्याच्या भुवया मध्ये उचलल्या आहेत, कान मागे पाडले आहेत, खालचा ओठ थरथरतोय. शेवटी तो बापाच्या निर्जीव पंजाखाली शिरून झोपतो. चार वर्षांच्या पोरालाही काय झालं हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. २०१९च्या सिनेमात जवळपास हाच प्रसंग आहे, संवादही थोड्याफार फरकाने तेच. पण बछड्याचा चेहरा खऱ्या बछड्याचा आहे, आणि खऱ्या सिंहाच्या चेहऱ्यावर रडू येत नाही. आवाज हुंदके देतो, तोंड मात्र दूध पिऊन बसलेल्या पिल्लाचं. आवाज आणि चेहरा एकमेकांना सोडून जातात आणि ऐन वेळी आपण गोष्टीबाहेर फेकले जातो.

हा दोष संगणकाचा नाही. जुन्या सिनेमातला तो विल्डबीस्टांचा लोंढासुद्धा संगणकाच्याच मदतीने केलेला होता. जेमतेम अडीच मिनिटांच्या त्या प्रसंगावर डिस्नेच्या संगणक विभागाने दोन वर्षांहून जास्त काळ खर्च केला. एकेक जनावर हाताने काढणं शक्यच नव्हतं. शिवाय चित्रकार केनियात जाऊन आले होते, स्टुडिओत खरे सिंह आणून त्यांची चाल आणि ठेवण त्यांनी न्याहाळली होती. म्हणजे खरं जनावर त्यांनाही ठाऊक होतं. ते पुरतं बघून घेतल्यावर कागदावर काय सोडायचं आणि काय वाढवायचं, हे त्यांनी ठरवलं. मुफासाचा दुष्ट भाऊ स्कार घ्या. त्याची आयाळ काळी, डोळे हिरवे, खांदे पडलेले, चाल मुद्दाम संथ. तो तोंड उघडण्याआधीच आपल्याला त्याची भीती वाटते. नव्या सिनेमातला स्कार अशक्त, ओरखडे पडलेला सिंह आहे. चिवेटेल एजिओफॉर यांनी आवाजात जीव ओतलाय, पण इतर सिंहांमधून तो ओळखायला लहान मुलांना थोडा वेळ लागतो.

२०१९च्या सिनेमामागची मेहनत मात्र थक्क करणारी आहे. दिग्दर्शक जॉन फाव्रो आणि छायाचित्रकार केलेब डेशनेल आभासी जग दाखवणारे व्हीआरचे चष्मे लावून संगणकातल्या माळरानावर फिरायचे आणि कॅमेरा कुठे ठेवायचा ते तिथेच ठरवायचे. सुरुवातीच्या सूर्योदयाचं एकच दृश्य प्रत्यक्ष आफ्रिकेत चित्रित केलेलं आहे, बाकी सगळं घडवलेलं. प्रत्येक केस, प्रत्येक गवताची काडी. हे काम करणाऱ्या एमपीसी या कंपनीच्या बंगळुरूच्या स्टुडिओतल्या आपल्या लोकांचाही त्यात हात आहे. इतकं कसब एका ठिकाणी गोळा झालं आणि ते सगळं बोलणाऱ्या, गाणाऱ्या सिंहांना माहितीपटातल्या सिंहांसारखं दिसायला लावण्यात खर्ची पडलं, याचंच वाईट वाटतं. सिंह गातोय हे आपण मान्य केलंच आहे. मग त्याच्या भुवईने काय पाप केलं होतं?

गाण्यांमध्ये तर फरक पावलोपावली जाणवतो. सिंबा राजा होण्याची घाई झाल्याचं गाणं गातो तेव्हा जुन्या सिनेमात अख्खं जंगल रंग बदलतं. झाडं गुलाबी, जनावरं नक्षीसारखी सपाट, शेवटी प्राण्यांचा मनोरा आणि तो कोसळल्यावर उडालेला गोंधळ. पोराच्या डोक्यातलं राज्य असंच दिसणार! नव्या सिनेमात दोन बछडे पाणवठ्यावरच्या जनावरांमधून धावतात, बस्स. खरे जिराफ मनोरा कसे करणार? स्कार आणि तरसांचं गाणं, जे जुन्या सिनेमात हिरव्या उजेडात, लष्करी संचलनाच्या थाटात येतं आणि अंगावर काटा आणतं, ते नव्यात कापून बरंचसं बोलण्यासारखं केलंय. आणि सिंबा व त्याची मैत्रीण नाला यांचं प्रेमगीत, ज्याच्या शब्दांतच रात्र आहे आणि ज्याला मूळ सिनेमासाठी ऑस्कर मिळालं, ते इथे भर दिवसा येतं. डोनाल्ड ग्लोवर आणि बियॉन्से यांच्यासारखे गळे हाताशी असताना!

तीस मिनिटं वाढली ती कशात, हेही बघण्यासारखं आहे. सिंबा जिवंत आहे हे रफिकी या शहाण्या माकडाला कळतं तो प्रसंग घ्या. जुन्यात सिंबा दमून जमिनीवर पडतो, धूळ आणि पाकळ्या उडतात, वारा त्या रफिकीपर्यंत नेतो. काही सेकंदांत काम होतं. नव्यात आयाळीच्या केसांचा एक पुंजका निघतो. पाण्यातून जातो, पक्ष्याच्या घरट्यात, मग जिराफाच्या पोटात, तिथून शेणकिड्याच्या गोळीत, मग मुंग्यांच्या रांगेत. दिसतं देखणं, आणि जीवनचक्राचा अर्थही त्यात बसवलाय हे कळतं. पण तोवर गोष्ट ताटकळत उभी असते आणि शेजारी बसलेलं मूल ‘सिंबा कुठे गेला?’ विचारतं. याउलट, जिथे खरोखर थांबायला हवं होतं तिथे सिनेमा हात आखडता घेतो. आकाशात मुफासा दिसतो तो प्रसंग जुन्यात ढगांतून रूप घेत, उजळत जातो. नव्यात काळ्या ढगात वीज चमकली की आयाळीचा भास होतो, तेवढंच. भूतही वास्तववादी हवं, हा हट्ट मला शेवटपर्यंत समजला नाही.

आता २०१९च्या बाजूने. सुरुवातीचं गाणं मोठ्या टीव्हीवर किंवा प्रोजेक्टरवर, चांगल्या आवाजात बघितलं तर भान हरपतं. दक्षिण आफ्रिकी गायक लेबो एम यांची झुलू हाक तीच, हान्स झिमर यांचं संगीत तेच, आणि समोर पसरलेलं माळरान. ज्या मुलाला प्राण्यांचं वेड आहे, जे ताडोबा किंवा पेंचला जाऊन आलंय आणि माहितीपट तासन्‌तास बघतं, त्याला हा सिनेमा मनापासून आवडेल. इंग्रजी अजून कळत नसेल तर २०१९च्या हिंदी आवृत्तीची बाजू आणखी भक्कम आहे. मुफासाला शाहरुख खान, सिंबाला त्याचा मुलगा आर्यन, स्कारला आशिष विद्यार्थी. आणि सिंबाचे विनोदी मित्र टिमोन आणि पुम्बा (एक मीरकॅट, दुसरा रानडुक्कर) यांना श्रेयस तळपदे आणि संजय मिश्रा. ही शेवटची जोडगोळी तर सिनेमात आली की चेहऱ्यांचा प्रश्न विसरायला होतं, कारण विनोद सगळा बोलण्यातच आहे. तेव्हा तो हिंदी, तमिळ, तेलुगूत आला, मराठीत नाही. श्रेयसचा टिमोन मराठीत ऐकायला मिळाला असता तर किती बहार आली असती!

खरी दिसणारी जनावरं घेऊनही चांगला सिनेमा होतो, याचा पुरावा याच दिग्दर्शकाने आधी दिला होता. २०१६चा ‘द जंगल बुक’. तिथे मोगली हा खरा मुलगा आहे, नील सेठी. भीती, लबाडी, माया सगळं त्याच्या चेहऱ्यावर उमटतं आणि वाघ-अस्वल वाघ-अस्वलासारखे राहिले तरी चालून जातं. त्याची हिंदी आवृत्ती तर जरूर बघा. शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज आहे, आणि नव्वदच्या दशकात दूरदर्शनवरच्या मालिकेतही शेरखान त्यांनीच बोलला होता. तेव्हा रविवारची सकाळ टीव्हीसमोर काढलेल्या आपल्या पिढीला तो आवाज ऐकून काय वाटतं, ते वेगळं सांगायला नको. तुमच्या घरात ‘खऱ्या जनावरांचाच सिनेमा हवा’ असा हट्ट असेल तर २०१९चा ‘लायन किंग’ बाजूला ठेवा आणि हा लावा.

बाकीच्या पुनर्निर्मितींचं थोडक्यात. ‘अलादिन’ १९९२चा दीड तासाचा होता, २०१९चा दोन तासांवर गेला. नाच-गाणी रंगतात, विल स्मिथ धमाल करतो, म्हणून तो एकदा बघायला हरकत नाही. २०२०च्या ‘मुलान’मधून गाणी आणि मुशू ड्रॅगन दोन्ही काढून टाकले, आणि त्याबरोबर लहान मुलांना धरून ठेवणारं बरंचसं गेलं. ‘लायन किंग’च्या आधीची, मुफासाच्या लहानपणाची गोष्ट सांगणारा २०२४चा ‘मुफासा’ चेहऱ्यांच्या बाबतीत जरा सुधारलेला आहे. तो २०१९च्या नंतर बघावा, आधी नको.

असे सिनेमे थांबणार नाहीत, हेही उघड आहे. २०१९च्या ‘लायन किंग’ने जगभरात १६० कोटी डॉलरहून जास्त कमावले. लोक गेले, मीही गेले. मुलांना ओळखीची गोष्ट दाखवायची आणि स्वतःचं लहानपण पुन्हा बघायचं, ही ओढ खरी आहे, त्यात कुणाला दोष देण्यासारखं काही नाही. फक्त ती ओढ १९९४चा सिनेमा लावूनही भागते, आणि जास्त चांगली भागते.

तर ठरवताना एवढं बघा. मूल चार ते सातच्या आसपासचं आणि गोष्ट पहिल्यांदाच बघणार असेल तर १९९४चाच. मात्र मुफासाच्या प्रसंगाला सोबत बसा. तो जुन्यात जास्त लागतो, कारण तो खरा वाटतो. घरात नुकतंच कुणी गेलं असेल तर हा सिनेमा थोडे दिवस राहू द्या. आठ-दहा वर्षांचं, प्राणीवेडं मूल असेल आणि जुना त्याने आधी पाहिला असेल, तर २०१९चा हिंदीत, मोठ्या पडद्यावर लावा. फोनवर किंवा टॅबवर बघणार असाल तर तो लावूच नका. त्याची सगळी श्रीमंती बारकाव्यांत आहे आणि वीतभर पडद्यावर ते दिसत नाहीत. जुन्यातल्या ठळक रेषा आणि रंग मात्र छोट्या पडद्यावरही तसेच उठून दिसतात. लावण्याआधी भाषेचा पर्याय तेवढा तपासून घ्या.