जेलीफिन वापरून बरेच महिने झाले, आणि मधे एकदा पासवर्ड गेला तेव्हा काय काय झालं

आधीच सांगते, जेलीफिन (आपल्याच कॉम्प्युटरवर ठेवलेले व्हिडिओ घरातल्या टीव्ही-फोनवर दाखवणारं सॉफ्टवेअर) चांगलं आहे आणि मी ते काढणार नाहीये. पण यूट्यूबवर जे रिव्ह्यू असतात ना ते सगळे बसवल्या बसवल्या केलेले, पोस्टर किती छान दिसतात, फोर-के अडकतं का, संपलं. पासवर्ड बदलल्यावर घरातली सगळी माणसं एकदम लॉगआउट झाली की हे सॉफ्टवेअर कसं वागतं ते कोणी सांगतच नाही, म्हणून हे एवढं लांबलचक लिहितेय.

सेटअप आमच्या माहेरी, सांगलीला. धाकट्या भावाचा जुना लॅपटॉप, त्यावर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार), बाजूला यूएसबीची मोठी हार्डडिस्क. लॅपटॉप मुद्दाम, कारण लाइट गेली तरी बॅटरीवर चालू राहतो आणि राउटरला छोटा यूपीएस आहे. गणपतीच्या आधी बसवलं होतं, आता होळी होऊन गेली. त्यात काय आहे तर आमच्या सगळ्यांच्या लग्नांच्या व्हीएचएस कॅसेट कॉम्प्युटरवर घेतलेल्या, बाबांनी जमवलेली कीर्तनं, आणि भाच्यासाठी कार्टून. लग्नाचे व्हिडिओ सिनेमाच्या लायब्ररीत टाकू नका हं, कुठल्यातरी भलत्याच पिक्चरचं पोस्टर लागतं त्याला, होम व्हिडिओ म्हणून वेगळी लायब्ररी करायची.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एम्बी नावाच्या अशाच सॉफ्टवेअरने आपला कोड बंद केला तेव्हा 2018 च्या डिसेंबरात त्यातून फुटून जेलीफिन निघालं. पूर्ण फुकट, प्रीमियम वगैरे भानगड नाही, इंटेलच्या चिपवर हार्डवेअर ट्रान्सकोडिंग (व्हिडिओ टीव्ही-फोनला झेपेल अशा रूपात चिपकडूनच बदलून घेणं) करायचं तरी पैसे नाहीत. आणि मुख्य म्हणजे कुठल्याही कंपनीच्या साइटवर अकाउंट काढायचं नाही. युजर, पासवर्ड, कोणी काय कुठपर्यंत बघितलं, सगळं तुमच्याच मशीनवर. ह्या एका गोष्टीमुळे पुढचं सगळं घडलं आणि सुटलंही.

तर झालं असं की भावाने ॲडमिनचा पासवर्ड बदलला. कारण बरोबरच होतं, जुना पासवर्ड त्याच्या अर्ध्या मित्रमंडळींना माहीत होता. पण घरात आई, बाबा, मी, वहिनी सगळे तेच एक अकाउंट वापरत होतो, आणि जेलीफिनमध्ये पासवर्ड बदलला की ज्या ब्राउझरमधून बदलला तेवढा सोडून त्या अकाउंटची बाकी सगळी लॉगिन रद्द होतात. म्हणजे टीव्ही, माझा फोन, आईचा टॅब, सगळीकडे एकदम लॉगिनची पाटी. तो ब्राउझर भावाच्या फोनमध्ये, नवा पासवर्ड पण त्याच फोनमध्ये सेव्ह, आणि तो फोन त्याच आठवड्यात मेला. बोर्ड गेला म्हणाला दुकानदार. आई मला म्हणे, "अगं कीर्तन लागत नाहीये, इंटरनेटचे पैसे भरले नाहीत का?"

आता ईमेलवर रीसेट लिंक येईल अशी आपल्याला सवय असते. इथे ईमेलच नाही, येणार कुठून. लॉगिनच्या पानावर पासवर्ड विसरलात का असं बटण आहे, त्यात युजरनेम टाकलं की सर्व्हर स्वतःच्याच डिस्कवर एक फाइल लिहितो आणि ती कुठे आहे तो पत्ता स्क्रीनवर दाखवतो. डेबियनवर व्हार नावाचं फोल्डर, त्यात लिब, त्यात जेलीफिन, तिथे पासवर्डरीसेट नावाने सुरू होणारी जेसन फाइल. तिच्यात एक पिन असतो, तो पुढच्या पानावर टाकायचा. बस.

भाऊ हैदराबादला. त्याने तिथून आधी वहिनीच्या फोनवरून, मग लॅपटॉपवरून करून बघितलं तर सर्व्हर म्हणाला घरच्या नेटवर्कवरून प्रयत्न करा. आमच्याकडचं ब्रॉडबँड सीजीनॅटवालं आहे म्हणजे स्वतःचा पब्लिक आयपी नाही, पोर्ट उघडून काही उपयोग नाही, म्हणून आम्ही बाहेरून टेलस्केलने (आपल्या मशीनना इंटरनेटवरून एका खाजगी नेटवर्कमध्ये जोडणारं ॲप) येतो. टेलस्केलचे पत्ते 100 ने सुरू होतात आणि जेलीफिन घरचे म्हणून जे धरतं ते 192.168, 10 आणि 172.16 वाले. त्यामुळे तो स्वतःच्याच सर्व्हरला परका. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये टेलस्केलची रेंज लोकल म्हणून घालता येते, पण त्यासाठी आधी ॲडमिन म्हणून आत यायला हवं!

मग मी सांगलीला होते म्हणून मी घरच्या वायफायवर 8096 पोर्टवाला पत्ता उघडून बटण दाबलं, आणि त्याने तिकडून एसएसएचने (दुरून कमांड देऊन मशीन चालवायची सोय) लॅपटॉपमध्ये शिरून सुडो लावून, म्हणजे लिनक्सचे ॲडमिन अधिकार घेऊन, ती फाइल वाचली (सुडो लागतंच, फाइल जेलीफिन नावाच्या युजरची असते). पिन म्हणजे मधे डॅश टाकलेल्या चार जोड्या, आकडे आणि ए ते एफ मधली अक्षरं, आणि वहिनीच्या फोनवरून ते "बी, बॉलमधला बी, डी नाही" असं चाललेलं. एसएसएचचा टनेल काढला असता, म्हणजे ब्राउझरचं कनेक्शन त्या लॅपटॉपमधूनच नेलं असतं, तर त्याला एकट्यालाही जमलं असतं, कारण मग सर्व्हरला वाटतं हा माणूस ह्याच मशीनवर बसलाय. ते नंतर सुचलं त्याला.

दोन गोष्टी इथे लक्षात ठेवा. पिन 30 मिनिटंच चालतो. आणि फाइलमध्ये मुदत लिहिलेली असते ती यूटीसी ह्या जागतिक वेळेत, आपलं घड्याळ साडेपाच तास पुढे, त्यामुळे बघितल्यावर वाटतं अरे ही तर सकाळीच संपली. संपलेली नसते, घाबरून परत परत नवीन पिन काढत बसू नका. पिन स्वीकारला की तोच पिन तात्पुरता पासवर्ड होतो, आत जाऊन लगेच बदलायचा. लायब्ररी, अर्धवट बघितलेल्या गोष्टी, सगळं जिथल्या तिथे होतं, आईचं कीर्तन जिथे थांबलं होतं तिथूनच सुरू झालं.

तुलना करायची तर प्लेक्स ह्या अशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरचं बघा, तिथे अकाउंट कंपनीकडे असतं. 2022 च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या डेटाबेसमध्ये कोणीतरी शिरलं म्हणून त्यांनी सगळ्यांना पासवर्ड बदलायला लावले होते, 2025 च्या सप्टेंबरात पुन्हा तेच. पासवर्ड बदलताना सगळ्या डिव्हाइसमधून बाहेर काढा हे टिक केलं की तुमचा सर्व्हरही अकाउंटपासून सुटतो आणि तो घरच्या नेटवर्कवरून परत आपल्या नावावर करून घ्यावा लागतो, डॉकरवर (प्रोग्राम वेगळ्या डब्यात चालवायची पद्धत) असेल तर 4 मिनिटांत संपणारा कोड घेऊन. पण पासवर्ड विसरला तर साधा ईमेल येतो, हे सोपंच आहे की. ज्यांच्या घरी एसएसएच म्हणजे काय हे कोणालाच माहीत नाही त्यांना मी प्लेक्सच सांगेन, उगाच तत्त्वं कशाला.

जेलीफिनचा अर्थ मला तरी असा लागला की खरा मालक तो ज्याला त्या लॅपटॉपमध्ये शिरता येतं. जेलीफिनचा पासवर्ड गेला तर अर्ध्या तासाचं काम, लिनक्सचा गेला तर खरी पंचाईत. म्हणून आता तो पासवर्ड बाबांच्या डायरीत आहे, पॉलिसी नंबरांच्या पानावर. सिक्युरिटीवाले नाक मुरडतील, मुरडू देत.

त्यानंतर भावाने प्रत्येकाला वेगळं अकाउंट करून दिलं, हे पहिल्याच दिवशी करायचं असतं. कोणी पासवर्ड विसरलं तर ॲडमिन डॅशबोर्डवरून दुसऱ्याचा रीसेट करू शकतो, फाइलबिल काही नाही. ॲडमिनची दोन अकाउंट ठेवलीत, एक भावाकडे एक माझ्याकडे. चुकीच्या पासवर्डांची मर्यादा पण ठेवता येते, त्या रकान्यात 0 टाकलं तर साध्या युजरला 3 आणि ॲडमिनला 5 वेळा, मग अकाउंट बंद. आईच्या अकाउंटला मी ती ठेवली नाही.

टीव्हीवर रिमोटने पासवर्ड टाइप करणं म्हणजे शिक्षाच, त्याला क्विक कनेक्ट हा चांगला उपाय आहे. टीव्हीवर सहा आकडे येतात, ते दुसरीकडे लॉगिन असलेल्या ठिकाणी टाकायचे की टीव्ही उघडतो. फक्त ज्या अकाउंटमधून टाकाल त्याच अकाउंटने उघडतो, म्हणजे मी माझ्या फोनवरून टाकले तर आईच्या टीव्हीवर माझी लिस्ट. म्हणून आईच्या टॅबवर आईचं लॉगिन कायम ठेवलंय, ती स्वतःच आकडे टाकते आता.

बाकी बारीकसारीक तक्रारी आहेत. मराठी सबटायटल काही फायलींत चौकोन चौकोन दिसायची, प्लेबॅकच्या सेटिंगमध्ये फॉलबॅक फॉन्ट (मूळ फॉन्टमध्ये अक्षर नसेल तेव्हा वापरायचा फॉन्ट) चालू करून नोटोचा देवनागरी फॉन्ट दिल्यावर गेलं ते. बाबांना पासवर्डच नकोय, बिनपासवर्डाचं अकाउंट जेलीफिनमध्ये करता येतं, आमचा सर्व्हर टेलस्केलशिवाय बाहेरून दिसत नाही म्हणून तसं करून दिलंय, तुमचा उघड्या इंटरनेटवर असेल तर अजिबात करू नका.