बंदूक घेण्याआधी हॉल मोजा: गेमिंग गनचा सहा महिन्यांचा अनुभव

टीव्हीवरच्या गेममध्ये नेम धरायला एक बंदूक घेतली. तिची आधी किंमत सांगून टाकते, म्हणजे ज्यांना पुढे वाचायचं नाही ते सुटले. 11,800 रुपये. त्यात बंदूक, टीव्हीभोवती चिकटवायचे चार दिवे, झटका देणाऱ्या यंत्रणेचा 24 व्होल्टचा अडॅप्टर आणि लांबलचक यूएसबी केबल. माल कंपनीचा नाही. थ्रीडी प्रिंटरवर सांगाडा काढून आत सुटे भाग बसवणाऱ्या एका हौशी मुलाकडून मागवली. तो महिन्याला चार-पाचच बनवतो, त्यामुळे त्याचं नाव सांगून तुमचा फायदा नाही. पण आतलं तंत्र आजकाल बऱ्याच बंदुकांत हेच असतं.

एक्केचाळिसाव्या वर्षी बाईमाणसाला हे कुठून सुचलं, असं इथे पुण्यात मला तिघांनी विचारलं. त्यातले दोघे घरातलेच. तर झालं असं की, लहानपणी सांगलीला आमच्याकडे कॅसेटवाला टीव्ही गेम होता, बंदुकीसकट. तुमच्याकडेही असेल, निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या मशीनच्या नकला तेव्हा गल्लोगल्ली मिळायच्या. बंदूक कायम दादाच्या हातात. त्या बदकांच्या गेममध्ये, म्हणजे 1984 च्या डक हंटमध्ये, एक सोय होती. एकच बदक उडतं त्या प्रकारात दुसऱ्याला बटणांच्या पॅडवरून बदक हलवता यायचं. माझ्या वाट्याला बदक. चारेक वर्षं मी बदकच होते.

आधी एक मूर्खपणा करून झाला होता, तोही सांगते. गेल्या वर्षी एका रविवारी जुन्या बाजारात तसलीच जुनी बंदूक आणि मशीन 700 रुपयांना दिसलं. घासाघीस करून 550 ला आणलं. एलसीडी टीव्हीला जोडलं, गेम सुरूही झाला, बदकं उडाली, आणि एकही मेलं नाही. नेम चुकला की हसणारा तो गेममधला कुत्रा दात काढून हसत राहिला.

कारण नंतर कळलं. ती जुनी बंदूक काहीच सोडत नाही, ती फक्त बघते. चाप ओढला की गेम क्षणभर सगळा पडदा काळा करतो आणि लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन दाखवतो. बंदुकीच्या नळीतल्या डोळ्याला आधी अंधार आणि मग उजेड दिसला, तर नेम लागला. जुन्या डबा टीव्हीत आलेला सिग्नल त्याच क्षणी पडद्यावर उमटायचा, म्हणून हे जमायचं. एलसीडी टीव्ही चित्र आधी आत घेतो, त्यावर प्रक्रिया करतो आणि मग दाखवतो. तोवर गेमने वाट बघणं सोडून दिलेलं असतं. दादा लहानपणी ट्यूबलाइटकडे बंदूक धरून फसवायला बघायचा ते का साधायचं नाही, हेही तेव्हा उमगलं. पडदा काळा झाल्यावरही उजेड दिसतोय म्हटल्यावर गेम तो नेम धरणारच नाही. तीस वर्षांनी उलगडा. ते 550 रुपयांचं मशीन आता माळ्यावर आहे.

नवीन बंदुकीचं काम उलटं आहे. पडद्यावर काय चाललंय याच्याशी तिला देणंघेणंच नाही. टीव्हीच्या चौकटीवर चार इन्फ्रारेड दिवे चिकटवायचे. नळीत छोटा कॅमेरा आहे, त्याला ते चार ठिपके दिसतात, आणि त्यांच्या जागांवरून आतली चिप हिशेब करते की नळी पडद्यावर नेमकी कुठे रोखलीय. कॉम्प्युटरला ही बंदूक साध्या माउससारखी दिसते. निन्टेन्डोच्या वी मशीनमध्ये 2006 साली हीच युक्ती होती, फक्त चारऐवजी दोन टोकांना दिवे. त्या पट्टीला ‘सेन्सर बार’ म्हणायचे, पण ती काहीही ओळखत नव्हती, नुसती उजेड द्यायची. दिवे चालू आहेत का हे आपल्या डोळ्यांना कळत नाही; मोबाइलचा कॅमेरा रोखला की जांभळट दिसतात. टीव्हीचा रिमोट तपासतो तसंच.

आता मुख्य गोष्ट. माझ्या बंदुकीतला कॅमेरा आडवा साधारण 33 अंश बघतो, म्हणजे मधल्या रेषेच्या दोन्ही अंगांना साडेसोळा-साडेसोळा. टीव्ही 43 इंची, रुंदी साधारण 95 सेंटिमीटर. डाव्या कडेवर नेम धरला की उजव्या कडेचा दिवा 95 सेंटिमीटर लांब पडतो. तो साडेसोळा अंशांत मावायचा तर मला टीव्हीपासून जवळजवळ 320 सेंटिमीटर मागे जायला हवं, साडेदहा फूट. आणि आमचा हॉल दहा बाय चौदाचा. टीव्ही चौदा फुटी भिंतीवर, त्यामुळे समोरच्या सोफ्यावर बसलं की अंतर पुरतं आठ फूटही नाही. पहिल्या दिवशी मधोमध सगळं झकास, गेममध्ये कोपऱ्यातला माणूस मारायला गेलं की पडद्यावरचा नेमाचा ठिपका गायब. मला वाटलं पीस खराब निघाला. त्या मुलाला रात्री साडेदहाला मेसेज केला. त्याने एकच विचारलं, “ताई, टीव्ही किती इंची आणि तुम्ही किती फुटांवर?”

हे त्याने पैसे घेण्याआधी विचारायला हवं होतं, एवढीच माझी त्याच्याबद्दल तक्रार.

त्यावर 600 रुपयांची रुंद भिंग असलेली कॅमेऱ्याची पट्टी त्याने पाठवली. ती बसवल्यावर सोफ्यावरूनही चारही कोपरे मिळायला लागले, पण ठिपका किंचित थरथरतो. साहजिक आहे, तेवढ्याच कॅमेऱ्यात जास्त जागा कोंबली की बारकावा कमी होणार. लांबचा छोटा माणूस टिपताना ते जाणवतं. शेवटी मी जुनी पट्टीच परत बसवली आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहून खेळते. तिथून बरोबर साडेदहा फूट भरतात. ताटं घेऊन बाहेर येणाऱ्यांना थांबावं लागतं. मिस्टरांनी त्या उंबऱ्याला ‘चेकपोस्ट’ नाव ठेवलंय.

टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ चालू करायला विसरू नका. तो बंद असेल तर ठिपका हाताच्या मागून लंगडत येतो आणि दोष बंदुकीला जातो.

खेळायचं काय, हा पुढचा प्रश्न, आणि बरेच जण इथेच फसतात. बंदूक आहे म्हणजे बंदुकीचा कुठलाही गेम चालेल असं नाही. ज्या गेममध्ये माउस हलवला की तुमची मान फिरते, तिथे ही निरुपयोगी. माझ्या लेकाने हौसेने तसला एक लावून बघितला. नळी जरा उजवीकडे नेली की आख्खं जग गरगर फिरायचं. दोन मिनिटांत त्याने बंदूक ठेवली आणि कीबोर्ड ओढला. हिला लागतात रुळावरचे गेम, म्हणजे कॅमेरा आपोआप पुढे जातो आणि तुम्ही फक्त नेम धरायचा. व्हर्च्युआ कॉप 2 आठवतोय? आमच्या पिढीतल्या निम्म्या लोकांनी तो पीसीवर माउसने खेळलाय, पण तो मुळात आर्केडमधल्या, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मोठ्या मशीनवरच्या, बंदुकीसाठी बनलेला. 1995 चा. तो गेम हातात बंदूक घेऊन पहिल्यांदा खेळले तेव्हा मी अक्षरशः ओरडले, आणि आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, आतून “काय सांडलं?” विचारलं. हाऊस ऑफ द डेडचा 2022 चा नवा अवतारही पीसीवर झकास चालतो. बदकांचा गेम एम्युलेटरवर, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर. याच्यापुढे यादी फार लांबत नाही, हे लक्षात घ्या. नवीन मोठे गेम या प्रकारात येतच नाहीत म्हटलं तरी चालेल. आणि प्लेस्टेशनला वगैरे जोडायची असेल तर माझ्या अनुभवाचा उपयोग नाही. ही माउस बनून चालते, त्यामुळे मी ती फक्त पीसीवर वापरते.

दोन बंदुका घ्यायचा विचार असेल तर अजून एक. विंडोजला दोन माउस जोडले तरी पडद्यावर बाण एकच असतो. दोन माउस वेगळे ओळखणारे गेम आणि एम्युलेटर मोजके आहेत. ते आधी बघा, मग दुसरीचे पैसे द्या.

झटक्याबद्दल. आत सोलेनॉइड आहे, विजेवर मागेपुढे आपटणारा लोखंडी दांडा. प्रत्येक गोळीला हाताला ठोका बसतो. पहिला आठवडा यासाठीच खेळत होते. आवाज मात्र दारावर कुणी किल्लीने ठकठक करावं तसा. रविवारी दुपारी अडीच वाजता खालच्या मजल्यावरच्या काकूंचा फोन आला, “सुतार बोलावलाय का गं?” तेव्हापासून दुपारी झटका बंद. त्यासाठी वेगळं बटण आहे, ते आहे याची खात्री करून घ्या. सलग गोळ्या झाडायच्या गेममध्ये वीस मिनिटांत मूठ कोमट होते. दांड्याच्या गुंडाळीतून वीज सतत वाहिली की ती तापणारच. मी तिथे थांबते. तसाही तोवर दंड भरून आलेला असतो. बंदूक अवघी 700 ग्रॅमची आहे, पण हात लांब करून 700 ग्रॅम धरून बघा. एअर पिस्तुल नेमबाज दीड किलोपर्यंतचं पिस्तुल एका हाताने धरतात, तेव्हापासून त्यांच्याबद्दलचा आदर वाढलाय. बालेवाडीत सराव करणाऱ्या स्वप्नील कुसाळेने 2024 ला पॅरिसमध्ये पदक आणल्यापासून आमच्या सोसायटीत प्रत्येक पोराला नेमबाज व्हायचंय. त्यांच्या आयांना सांगते, याने नेमबाजी येत नाही. तिथे चाप हळूहळू दाबायचा असतो, इथे आम्ही खसाखसा ओढतो.

चौथ्या महिन्यात चाप बिघडला. एकदा ओढला की दोन गोळ्या. आत माउसमध्ये असतो तसलाच मायक्रोस्विच आहे. तपकीर गल्लीत 20 रुपयांना मिळाला. दुकानदाराने जुना स्विच कानाजवळ नेऊन टकटक वाजवला, “गेला हा” म्हणाला आणि न विचारता दोन दिले. डाग द्यायला मिस्टर बसले, एक स्विच जाळला, दुसरा बसला. कंपनीची बंद डब्यातली वस्तू असती तर हे घरी झालं नसतं, हा या घरगुती मालाचा फायदा. तोटा म्हणजे सांगाड्यावर प्रिंटरच्या रेघा स्पष्ट दिसतात आणि मुठीच्या खाचेत मळ साठतो. जुन्या टूथब्रशने काढते.

रंग काळा घेऊ नका. मी घेतला. मैत्रिणीकडे न्यायला कापडी पिशवीतून काढली तर वॉचमन काका खुर्चीतून उठून उभे राहिले. निन्टेन्डोची अमेरिकेतली बंदूकही आधी करडी होती, पुढे खरी वाटू नये म्हणून नारिंगी केली. मी नळीच्या टोकाला नारिंगी टेप गुंडाळलाय.

सगळ्यात मजेशीर बिघाड गणपतीत झाला. आमचा बाप्पा टीव्हीशेजारच्या कोपऱ्यात बसतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आरती झाल्यावर लेकाने गेम लावला तर ठिपका थयथया नाचायला लागला. केबल बदलली, दिवे पुसले, कॅलिब्रेशन, म्हणजे नेम जुळवणं, तीनदा केलं. आई म्हणाल्या, “बाप्पासमोर गोळ्या झाडता, मग तो चालू देईल का?” त्यांचं अर्धं बरोबर निघालं. समई होती. ज्योतीतून इन्फ्रारेड भरपूर बाहेर पडतं, आणि कॅमेऱ्याला चारऐवजी पाच ठिपके दिसत होते. वीच्या काळात लोक पट्टी मोडली की दोन मेणबत्त्या लावून खेळायचे म्हणे, तीच गोष्ट. समई शांत झाली की बंदूक शहाणी. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन टीव्ही युनिटच्या काचेवर पडलं तरी हेच होतं, तिथे पडदा ओढते.

मग घ्यावी का? एकटं बसून रोज गेम खेळणाऱ्याने घेऊ नये. महिन्याभरात गेम संपतील आणि बंदूक कपाटावर जाईल. आमच्याकडे आता ती रोज निघत नाही, महिन्यातून तीन-चारदा निघते, आणि ती कायम कोणी आलं की. ज्यांनी आयुष्यात पॅड हातात धरलं नाही त्यांनाही काही शिकवावं लागत नाही. आईंनी बहात्तराव्या वर्षी नऊ बदकं पाडली आणि “पुरे आता, कुकर लावायचाय” म्हणून उठल्या. असं येणंजाणं घरात असेल आणि टीव्हीसमोर मोकळे दहा फूट असतील तर पैसे वसूल. नसेल तर त्या पैशात चांगला पॅड घ्या, वर गेमही येतील.

भाऊबीजेला दादा सांगलीहून आला. ओवाळून झालं, ताटात पाकीट पडलं, आणि मी बंदूक काढली. बघितल्या बघितल्या त्याने हात पुढे केला, सवयच ती. म्हटलं घे, पाहुणा आहेस. उंबऱ्यात उभा केला आणि बदकांचा गेम लावला. पहिलं बदक सुटलं. दुसरं सुटलं. कुत्रा हसला. “चष्म्याचा नंबर वाढला वाटतं, दादा,” मी म्हटलं. त्याने चष्मा काढून पुसला, परत नेम धरला, परत कुत्रा.

“चिमे, हिचं काहीतरी बिघडलंय.”

“कालपर्यंत तर बरी होती.”

लेक टीव्ही युनिटवर ओळीने लावलेल्या पणत्यांकडे बघत होता. काहीतरी बोलणार, तेवढ्यात मी त्याच्या हातात चकली दिली.